१८ व्होल्टवर आवाज फाटण्याच्या आपल्या तक्रारीबाबत

सप्रेम नमस्कार,

आमच्या प्रीअँप पेडलला (गिटारचा सिग्नल वाढवणाऱ्या, पायाने चालवायच्या उपकरणाला) दोन तारे देऊन आपण लिहिले आहे, की खोक्यावर ‘९ ते १८ व्होल्ट’ असे छापलेले असूनही हंबकर (जोरदार सिग्नल देणारा दुहेरी पिकअप) असलेल्या गिटारवर जोरात वाजवले असता १८ व्होल्टवरही आवाज ९ व्होल्टवर फाटतो तिथेच फाटतो. आतला ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) फिरवून पाहिला तेव्हा आवाज मोठा झाला, पण साफ झाला नाही. आणि आपला दुसरा, साध्या ट्रान्झिस्टरचा बूस्टर मात्र त्याच अडॅप्टरवर स्वच्छ वाजतो. त्यावरून आमचे बायसिंग (ट्रान्झिस्टरचे स्थिर व्होल्टेज जुळवणे) निष्काळजीपणे झाले आहे, असा निष्कर्ष आपण काढला आहे. आपली तिन्ही निरीक्षणे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

काल त्याच खेपेतले एक पेडल उघडून मी मल्टिमीटर लावला. ९ व्होल्टवर पहिल्या जेफेटच्या (सिग्नल वाढवणाऱ्या एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या) ड्रेनवर, म्हणजे सिग्नल बाहेर पडतो त्या टोकावर, ४.५ व्होल्ट होते, म्हणजे सिग्नलला वर आणि खाली जवळपास सारखीच जागा होती. १८ व्होल्टचा अडॅप्टर लावताच तोच आकडा १३.४ झाला. या जोडणीत जेफेटमधून वाहणारा प्रवाह मुख्यतः सोर्सच्या, म्हणजे त्याच्या खालच्या टोकाच्या, रेझिस्टरवर ठरतो, पुरवठ्याच्या व्होल्टेजवर फारसा नाही. प्रवाह तेवढाच राहिल्याने ड्रेनच्या रेझिस्टरवर पडणारे व्होल्टेजही साडेचारच्या आसपासच राहते. वाढलेले जवळजवळ सगळे व्होल्टेज खालच्या बाजूला जाते आणि लाटेचा वरचा माथा पूर्वीच्याच ठिकाणी कापला जातो.

ट्रिमर फिरवून आपण ड्रेन मध्यावर आणलात, ते योग्यच होते. पण त्यासाठी ड्रेनचा रेझिस्टर जवळपास दुप्पट होतो आणि त्याच प्रमाणात गेनही (सिग्नल किती पट वाढतो ते) वाढतो. जागा दुप्पट आणि गेनही दुप्पट, त्यामुळे गिटारचा सिग्नल पूर्वीच्याच पातळीला फाटतो, फक्त मोठ्याने. आपल्या दुसऱ्या बूस्टरसारख्या साध्या, म्हणजे बायपोलर, ट्रान्झिस्टरच्या बूस्टरमध्ये बेसचे (नियंत्रण करणाऱ्या टोकाचे) व्होल्टेज सहसा पुरवठ्यातूनच दोन रेझिस्टरांनी विभागून घेतलेले असते. पुरवठा वाढला की तेही वाढते, प्रवाह वाढतो आणि कलेक्टर (ड्रेनसारखेच बाहेर पडण्याचे टोक) आपोआप मध्याजवळ राहतो. एकोप्लेक्स ईपी-३ या जुन्या टेप-एको यंत्रामधला जेफेट प्रीअँप सुमारे २२ व्होल्टवर चालत असे हे खरे, पण त्याचे रेझिस्टर त्या व्होल्टेजसाठीच निवडलेले होते.

निष्काळजीपणाच्या आरोपाचे मला मनापासून वाईट वाटले. जे२०१ या जेफेटचे कट-ऑफ व्होल्टेज (ज्याला प्रवाह बंद होतो ते) उत्पादकाच्या तक्त्यानुसार ०.३ पासून १.५ व्होल्टपर्यंत कितीही असू शकते, म्हणून आम्ही प्रत्येक नग मोजून घेतो, ९ व्होल्टवर ट्रिमर जुळवतो आणि तो हलू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. तो ठिपका आपल्याही पेडलमध्ये दिसला असेल.

चूक झाली ती खोक्यावरच्या मजकुरात, आणि ती पूर्णपणे माझी आहे. आतले कॅपॅसिटर २५ व्होल्टचे आहेत, त्यामुळे १८ व्होल्ट लावल्याने काही जळत नाही, एवढ्याच अर्थाने मी तो आकडा छापला. गिटारवादक तो वाचून जास्त हेडरूम (न फाटता वाजण्याची जागा) मिळेल असे समजणार, हे मला आधीच कळायला हवे होते. पुढच्या खेपेपासून खोक्यावर फक्त ९ व्होल्ट लिहिलेले असेल.

आपले पेडल आमच्याकडे पाठवावे. कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च आम्ही करू. पहिल्या जेफेटच्या सोर्सवरचा, गेन वाढवणारा बायपास कॅपॅसिटर काढून, १८ व्होल्टवर नव्याने बायस जुळवून ते परत देता येईल. तसे केल्याने गेन बराच उतरेल आणि हंबकरवर आवाज खरोखर साफ राहील. मात्र जोरात वाजवल्यावर मिळणारी मूळची जाडसर खरखर कमी होईल, आणि मला स्वतःला तीच अधिक आवडते. हा बदल नको असेल तर पेडल परत घेऊन पूर्ण रक्कम देण्यास मी तयार आहे. दोन्हींपैकी काय करावे, ते कृपया आपल्या ऑर्डरच्या ईमेलवरच कळवावे.