फोटोतले फादर बेर्गोग्लिओ नव्हेत

पोप फ्रान्सिस यांच्याविषयीचा एक फॉरवर्ड २०१३ पासून फिरतोय. ते पोप झाले त्या आठवड्यात तो निघाला आणि अजून थांबायला तयार नाही. त्याचं आजचं म्हणणं थोडक्यात असं: अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती, तेव्हा तिथल्या येशूसंघाचे (जेझुइट धर्मगुरूंच्या संस्थेचे) प्रमुख होर्हे बेर्गोग्लिओ, म्हणजे पुढचे पोप, हुकूमशहा विदेलाच्या आतल्या गोटातले होते, आपल्याच दोन फादरांना त्यांनी लष्कराच्या हवाली केलं, कैदी दडवायला स्वतःचं बेटावरचं घर दिलं, आणि खटल्याच्या धास्तीने पोप झाल्यावर मायदेशात पाऊल टाकलं नाही. सोबत पुरावा म्हणून विदेलाला कम्युनियन (चर्चमधला प्रसाद) देणाऱ्या धर्मगुरूचा फोटो.

फोटो आधी निकालात काढू. तो १९९० चा आहे, म्हणजे राजवट जाऊन सात वर्षं झाल्यावरचा, आणि त्यातले धर्मगुरू दुसरेच आहेत. अमेरिकी दिग्दर्शक मायकल मूर यांनीही तो शेअर केला होता, पण चूक कळल्यावर मागे घेतला. आपल्या ग्रुपांवर मागे घ्यायची पद्धत नाही.

बेट मात्र खरं आहे. ब्यूनोस आयर्सजवळच्या तिग्रेमध्ये एल सिलेन्सिओ नावाच्या बेटावर महाधर्मप्रांताच्या मंडळींची सुट्टीची जागा होती. १९७९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोग तपासणीला येणार होता, तेव्हा नौदलाने आपल्या छळछावणीतले कैदी तिथे हलवले. चर्चला मान खाली घालायला लावणारीच गोष्ट. पण ती जागा बेर्गोग्लिओंची नव्हती. हे प्रकरण पुस्तकातून मांडणारे पत्रकार ओरासिओ व्हर्बित्स्की बेर्गोग्लिओंचे कडवे टीकाकार. त्यांनीही हा आरोप केलेला नाही. ‘गार्डियन’ने तो त्यांच्या नावावर छापला आणि मार्च २०१३ मध्ये दुरुस्ती केली.

आता दोन फादर. इथे घाई करून चालणार नाही. ओरलांदो योरिओ आणि मूळचे हंगेरीचे फ्रान्झ यालिच हे बाहो फ्लोरेसच्या झोपडपट्टीत राहून काम करत होते. बेर्गोग्लिओंनी त्यांना तिथलं काम आवरायला सांगितलं, ते मानेनात, आणि वाद इतका चिघळला की दोघांचा येशूसंघाशी संबंध तुटण्यापर्यंत गोष्ट गेली. २३ मे १९७६ रोजी नौदलाने दोघांना उचललं. पाच महिने बेड्या आणि डोळ्यांवर पट्टी. ऑक्टोबरमध्ये गुंगीचं औषध देऊन त्यांना शहराबाहेर एका माळावर टाकून दिलं.

बेर्गोग्लिओंनी ‘या दोघांच्या पाठीशी आता कोणी नाही’ असा संकेत लष्कराला दिला, असं योरिओंचं मत होतं आणि २००० मध्ये वारेपर्यंत ते बदललं नाही. यालिचही बरीच वर्षं तसंच मानत. पण पुढे अनेकांशी बोलल्यावर त्यांचा संशय फिटला, आणि मार्च २०१३ मध्ये त्यांनी लेखी निवेदन काढून स्पष्ट केलं की बेर्गोग्लिओंनी आमची नावं दिली नव्हती. अटकेचं कारणही त्यांनी सांगितलं. त्यांच्याबरोबर आधी धर्मशिक्षणाचं काम करणारी एक बाई पुढे गनिमी गटात गेली होती. ती पकडली गेली आणि दोन-तीन दिवसांत हे दोघे. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कागदपत्रांत जन्मस्थान बुडापेस्ट वाचलं आणि यालिचना रशियाचा हेर ठरवलं! हुकूमशाहीचं गुप्तचर खातं म्हटलं की आपण फार हुशार माणसं डोळ्यांसमोर आणतो.

नौदलाच्या छळछावणीचा खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांपैकी हेर्मान कास्तेली यांनीही २०१३ मध्ये सांगितलं की हा आरोप आम्ही तपासला आणि तो पूर्णपणे खोटा आहे. तेव्हा ‘हवाली केलं’ हे वाक्य टिकत नाही. वरिष्ठाने जाहीर वाद घालून आपली माणसं उघड्यावर पाडली का, हा प्रश्न टिकतो. फॉरवर्डवाले फक्त योरिओंचं नाव घेतात, पोपचे भक्त फक्त यालिचांचं. छळ दोघांचाही झाला होता.

विदेलाच्या ‘आतल्या गोटा’बद्दल फार लिहायला नको. बेर्गोग्लिओ विदेलाला भेटले, नौदलप्रमुख मासेरालाही भेटले, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. त्यांच्या सांगण्याप्रमाणे विदेलाच्या घरी मिस्सा (उपासना) करणाऱ्या धर्मगुरूला त्यांनी आजारी पडायला लावलं आणि त्याच्या जागी स्वतः गेले, त्या दोन फादरांच्या सुटकेसाठी बोलता यावं म्हणून. आतल्या गोटातल्या माणसाला असली नाटकं करावी लागत नाहीत. नोबेल शांतता पुरस्कार मिळालेले आणि स्वतः त्या राजवटीच्या तुरुंगात राहिलेले आदोल्फो पेरेस एस्कीव्हेल यांचं म्हणणं असं की काही बिशप सामील होते, बेर्गोग्लिओ नव्हते.

फॉरवर्डमध्ये नसलेला एक मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. फेब्रुवारी १९७७ मध्ये एलेना दे ला क्वाद्रा ही पाच महिन्यांची गरोदर बाई उचलली गेली. घरच्यांनी येशूसंघाच्या रोममधल्या मुख्यालयाकडे धाव घेतली, तिथून बेर्गोग्लिओंना कळलं, त्यांनी एका बिशपच्या नावे चिठ्ठी दिली. बिशपने चौकशी करून निरोप आणला: मूल ‘चांगल्या’ घरात दिलंय, आता काही होणार नाही. छळछावणीच्या खटल्यातल्या २०१० च्या साक्षीत मात्र बेर्गोग्लिओ म्हणाले की कैदी बायकांची बाळं पळवल्याचं आपल्याला राजवट संपल्यानंतरच कळलं. एलेनाची बहीण एस्तेला हे कधीच मान्य करत नाही, आणि ती चिठ्ठी पाहता मलाही ते पचत नाही. एलेनाची ती मुलगी २०१४ मध्ये सापडली. ज्याला पोपवर खरंच बोट ठेवायचंय त्याने ही चिठ्ठी हातात घ्यावी. खोट्या फोटोने झालं असेल तर एवढंच, की आरोप खोटा ठरवून चर्चला सुटकेचा श्वास टाकता आला.

मायदेशी गेले नाहीत, हे खरं. पोपपदाच्या बारा वर्षांत ब्राझील, चिली, पॅराग्वे, पेरू झालं, अर्जेंटिना नाही. पण खटल्याची धास्ती कुठून आली? त्यांची साक्ष पोप होण्याच्या तीन वर्षं आधीच नोंदवली गेली होती. कायद्याने दिलेली सवलत घेऊन ती त्यांनी कोर्टाऐवजी आपल्या कार्यालयात दिली, याबद्दल हवं तेवढं बोला. आरोपी म्हणून त्यांच्यावर खटला कधी उभाच राहिला नाही.