लाळेची चाचणी आणि पायोरियाचे निदान

‘लाळेचा थेंब द्या, पायोरिया आहे की नाही ते काही मिनिटांत कळेल, हिरडीत सळई घालून मोजमाप करण्याचे दिवस संपले,’ अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यातील विज्ञान निराधार नाही, परंतु त्यातून काढलेले निष्कर्ष एकेक करून तपासले तर फारच थोडे टिकतात.

‘लाळेतून आजार कळतो’ हा पहिला दावा. हिरडीचा दाह सुरू झाला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि कोलॅजेन हे ऊतींना बांधून ठेवणारे प्रथिन तोडणारे एमएमपी-८ हे विकर (एन्झाइम) सोडतात. दात व हिरडी यांच्यामधील फटीतून पाझरणाऱ्या द्रवाबरोबर ते लाळेत उतरते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे टिमो सोर्सा आणि त्यांचे सहकारी यांनी या विकराच्या सक्रिय रूपावर दीर्घकाळ काम केले असून, त्यावर आधारलेल्या झटपट चाचणीत चूळ भरून घेतलेल्या द्रवात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम ही सीमा मानली जाते. मात्र ही चाचणी सांगते ते आज चाललेल्या दाहाविषयी. पायोरिया म्हणजे दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड यांची झीज, आणि ती आजवर किती झाली हे लाळेत लिहिलेले नसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही आजाराचा टप्पा ठरतो तो दाताच्या आधाराची हानी, क्ष-किरण चित्रातील हाड आणि गमावलेले दात यांवरून. जैवसूचकांना, म्हणजे एमएमपी-८ सारख्या आजाराची खूण देणाऱ्या पदार्थांना, तेथे भविष्यात स्थान मिळू शकेल, एवढीच सोय ठेवलेली आहे.

सळई कालबाह्य झाली, हे तर अधिकच चुकीचे आहे. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी सळईने फटीची खोली मोजतात, म्हणजे २८ दातांच्या तोंडात १६८ नोंदी होतात. लाळ मात्र साऱ्या तोंडाची एकत्र येते, त्यामुळे मागच्या एका दाढेजवळची खोल फट तिच्यात हरवून जाऊ शकते. चाचणी सकारात्मक आली तरी कीटण कोणत्या मुळावरून काढायचे, हे शोधायला पुन्हा सळईच हाती घ्यावी लागते.

अचूकतेचे आकडे सांगताना हा मजकूर एक गोष्ट गाळतो. उघड आजारी आणि उघड निरोगी अशा दोन गटांवर चाचणी नेहमीच चांगली दिसते. सर्वसाधारण लोकांत चित्र बदलते. तीव्र पायोरियाचे जागतिक प्रमाण सुमारे ११ टक्के मानले जाते. समजा, चाचणी ८० टक्के आजारी आणि ८० टक्के निरोगी माणसे बरोबर ओळखते. मग १००० लोकांत ११० रुग्णांपैकी ८८ सापडतील, आणि आजार नसलेल्या ८९० पैकी १७८ जणांनाही तो असल्याचे सांगितले जाईल. म्हणजे सकारात्मक निकाल मिळालेल्या तिघांपैकी दोघांची धास्ती अनाठायी असेल.

‘निकाल नकारात्मक, म्हणजे निर्धास्त राहा’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. धूम्रपानामुळे हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण घटते आणि आजार झाकला जातो. लाळेतील सूचकही धूम्रपान करणाऱ्यांत फसवे ठरू शकतात. शिवाय हा आजार सारखा धुमसत नाही, त्यात शांत काळही असतात. विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर स्रवणारी लाळ औषधांमुळे, दिवसाच्या वेळेनुसार किंवा नुकतेच खाल्ल्यामुळे कमी-जास्त होते, आणि तिच्याबरोबर सूचकाची तीव्रताही.

उपचारानंतर देखरेख ठेवायला ही चाचणी उपयोगी पडते, हा दावा मात्र मी खोडून काढणार नाही. हिरड्यांखालची सफाई झाल्यावर एमएमपी-८ चे प्रमाण सहसा उतरते, आणि रुग्णाची तुलना इतरांशी न करता त्याच्याच आधीच्या निकालाशी केली तर व्यक्तीव्यक्तींतील फरकाचा अडसर बराच कमी होतो. क्ष-किरण चित्रात हाडाची झीज दिसेपर्यंत ती पुरेशी झालेली असते, त्यामुळे दाह पुन्हा वाढत असल्याची आगाऊ सूचना विशेषतः मधुमेही रुग्णांच्या बाबतीत उपयोगी पडू शकते. त्यासाठी नमुना दर वेळी त्याच वेळेला, त्याच पद्धतीने घ्यावा लागतो, आणि आकडा चढला की पुढची तपासणी ठरल्या तारखेची वाट न पाहता करून घ्यावी लागते.