दोन तासांची बोट आणि दोन विमानं

परवा रात्री बाबांचा रत्नागिरीहून फोन आला. नेहमीचं सगळं झालं, गुडघे, मोहर बरा आलाय, माकडांचा त्रास वाढलाय, आणि मग ठेवता ठेवता म्हणाले, "अरे, आपल्या बहादूरचा मुलगा तिकडे यायचं म्हणतोय, तुझ्या फिनलंडला. काठमांडूत कोणी कन्सल्टन्सीवाला आहे तो म्हणतो शिकता शिकता काम करता येतं, बायकोला पण नेता येतं. कसं आहे रे तिकडे? सांग जरा, तो विचारतोय रोज."

बहादूर म्हणजे आमच्या बागेचा नेपाळी राखणदार. सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला.

योगायोग असा की त्याच आठवड्यात इथल्या आपल्या भारतीयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मोठी जुंपली होती. कोणीतरी लिहिलं की हे नेपाळी स्टुडंट्स शेकड्याने येऊन सगळं खराब करतायत, त्यांच्यामुळे गव्हर्नमेंट नियम कडक करतंय आणि भोगतोय आपण, त्यापेक्षा त्या एस्टोनियन लोकांकडे बघा, कसे गपचूप काम करतात, सेटल होतात. त्याला धडाधड अंगठे. मी तिथे काही बोललो नाही, कारण ग्रुपवर भांडून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. पण डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी एस्पोत राहतो, हेलसिंकीला लागून. मागच्या वर्षी बाथरूमचं काम काढलं. टाइल्स लावायला जो माणूस आला तो एस्टोनियन, पन्नाशीचा, तिकडच्या पार्नू गावचा. इथे बांधकामावर, रिपेअरिंगला, कितीतरी बसच्या स्टिअरिंगवर एस्टोनियन माणूस असतो. हा 2006 पासून येतोय. तीन आठवडे घरात काम होतं तर हळूहळू बोलायला लागला, माझं फिनिश मोडकं आणि त्याचं झकास. शुक्रवारी दुपारी दोन वाजले की हत्यारं गाडीत, कारण संध्याकाळची टालिनची, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीची, बोट पकडायची. हेलसिंकी ते टालिन समुद्रातून ऐंशी किलोमीटर, दोन तास. सोमवारी सकाळी परत हजर. शुक्रवारी कधी त्या बंदराकडे जाऊन बघा, व्हॅन्सची रांग, पेंटचे डाग पडलेल्या पँटी, हातात मुलांसाठी काहीतरी घेतलेलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला दादर स्टेशन आठवलं. गणपतीच्या आधीचं. हा आपला चाकरमानीच की हो! फक्त याचा गणपती दर शुक्रवारी.

बायको-मुलं तिकडे, पैसा इकडे. त्याने मला अगदी सहज सांगितलं की मोठ्या मुलीचं सगळं लहानपण त्याने वीकेंडला बघितलं. एस्टोनियात या 'फिनलंडवाल्या' बापांवर बराच बोभाटा झालेला आहे, घरात पैसा आला पण बाप नाही. यांना तिकडे गमतीने कालेविपोएग म्हणतात, म्हणजे त्यांच्या पुराणकथेतला दांडगा वीर, दगड उचलून फेकणारा. वीर कसला, गुडघे गेलेत बिचाऱ्याचे.

आता हे लोक आले कसे ते बघा. एस्टोनिया 2004 ला युरोपियन युनियनमध्ये आला. फिनलंडने कामगारांसाठी दार लगेच उघडलं नाही, दोन वर्षं थांबवलं, 2006 पासून मोकळं. तेव्हा तिकडचा सरासरी पगार महिन्याला सहाशे युरोच्या आसपास होता आणि समुद्रापलीकडे त्याच्या कितीतरी पट. मग 2008-09 ची मंदी आली, 2010 च्या सुरुवातीला एस्टोनियात बेकारी वीस टक्क्यांच्या जवळ गेली आणि लोंढाच आला. तेरा-चौदा लाखांचा देश, त्यातले पन्नास हजारांच्या आसपास फिनलंडमध्ये. वर आठवड्याला जा-ये करणारे वेगळेच. आणि यांना लागतं काय, तर काहीच नाही. परमिट नाही, अमुक इतका पगार दाखवा नाही, मुलाखत नाही. यायचं, राहायचं असेल तर नाव नोंदवायचं, कामाला लागायचं.

भाषाही बहीण. सोव्हिएत काळात टालिनच्या बाजूचे लोक चोरून फिनिश टीव्ही बघायचे, कित्येकांचं फिनिश तिथेच तयार झालं. अर्थात बहिणी असल्या तरी घोळ आहेतच. 'हाल्लितुस' म्हणजे फिनिशमध्ये सरकार आणि एस्टोनियनमध्ये बुरशी. आमच्या टाइल्सवाल्याचा हा आवडता जोक, बाथरूमची जुनी फरशी उखडून खालचा काळा थर दाखवत त्याने मला हा ऐकवला आणि स्वतःच पाच मिनिटं हसला.

पण "बघा कसे सेटल झाले" म्हणणाऱ्यांना नव्वदचं दशक माहीतच नाही. तेव्हा फिनलंडमध्ये एस्टोनियन म्हटलं की चोर, दारूची तस्करी, वेश्याव्यवसाय हेच डोळ्यासमोर यायचं. बांधकामावर ब्लॅकने कमी पैशात राबवून घेणं इतकं वाढलं होतं की 2012 पासून साइटवरच्या प्रत्येक माणसाला टॅक्स नंबरवालं ओळखपत्र गळ्यात घालणं कम्पल्सरी केलं. म्हणजे हे आदर्श-बिदर्श नंतरचं. शोषण त्यांचंही झालं.

फरक पडला कुठे? तर शोषण झालं की तो माणूस बोटीत बसून घरी जाऊ शकत होता. मालकाने पैसे बुडवले, शिवी घालून दुसऱ्या साइटवर. पटलं नाही तर टालिन. आणि गंमत म्हणजे तिकडचे पगार वाढत गेले, आता तिथला सरासरी पगार दोन हजार युरोच्या घरात आलाय, तर गेल्या काही वर्षांत हे लोक परत जायला लागलेत. त्यात इथलं बांधकाम 2023 पासून झोपलेलं. आमचा टाइल्सवाला म्हणतो अजून दोन वर्षं, मग पार्नूला स्वतःचं काम. तिकडे 2022 मध्ये महागाई एकोणीस टक्क्यांवर गेली होती म्हणून थांबला, नाहीतर आधीच गेला असता. त्याच्या हातात हिशोब आहे बघा. या बाजूला किती, त्या बाजूला किती, तिकीट किती, जमलं तर राहा, नाही जमलं तर जा.

आता नेपाळी.

हेलसिंकीत नेपाळी रेस्टॉरंट शोधावं लागत नाही. पाच मिनिटं चाललं की एक. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी आधी तिथेच नेतो, कारण इंडियन पाटी असलेल्या कित्येक ठिकाणी आत किचनमध्ये नेपाळीच असतात. दुपारचा बुफे, नान, बटर चिकन (गोड, कारण फिनिश माणसाला तिखट झेपत नाही), आणि मागे एक माणूस जो सकाळी दहाला आलाय आणि रात्री दहाला जाणार आहे.

2019 मध्ये हेलसिंगिन सानोमात या इथल्या सगळ्यात मोठ्या पेपरने याच किचन्सवर मोठी शोधपत्रकारिता केली होती. दिवसाला बारा-बारा तास, सुट्टी नाही, कागदावर पगार बरोबर आणि प्रत्यक्षात त्यातला काही भाग मालकाला परत, वर नोकरीसाठी आधी एजंटला दिलेले हजारो युरो. आणि मालक बहुतेक वेळा नेपाळीच, हे लपवायचं कशाला. आपलाच माणूस आपल्याला जास्त पिळतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, मुंबईच्या खानावळीतनं आपण सगळे गेलोय.

लोक विचारतात, तक्रार का नाही केली? फिनलंडमध्ये युनियन आहे, इन्स्पेक्टर आहे, कायदा आहे. अरे पण त्याचं परमिट त्या नोकरीवर उभं, बायकोचं आणि पोराचं परमिट त्याच्या परमिटवर. राहायची खोली मालकाची. एजंटचं कर्ज गावात जमिनीवर. तो कुठल्या बोटीत बसणार? काठमांडूला जायला दोन विमानं, तिकीट सिझनला हजार युरोच्या आसपास, आणि गेला तर कर्ज फेडायचं कशाने. त्या बातम्यांनंतर 2021 मध्ये कायदा थोडा बदलला, मालकाने शोषण केलं हे दिसलं तर कामगाराला दुसरं काम शोधायला परमिट मिळू शकतं. चांगलं झालं. पण त्यासाठी आधी तोंड उघडावं लागतं, आणि ते जड जातं.

स्टुडंट्सची गोष्ट अजून वेगळी. आधी इथलं इंग्लिश मीडियमचं शिक्षण बाहेरच्यांनाही फुकट होतं, तेव्हा खूप नेपाळी मुलं-मुली नर्सिंगला आली, आज इथल्या वृद्धाश्रमांत त्यांच्यातल्या कितीतरी जणी काम करतात. 2017 पासून युरोपबाहेरच्यांना फी लागली. वर महिन्याला 560 युरो याप्रमाणे वर्षाचे पैसे खात्यात दाखवायचे, ते आता 800 केलेत. आठवड्याला सरासरी 30 तास काम करायची परवानगी आहे, पण काम असेल तर ना! पहाटेचे पेपर टाकणं, ऑफिसची सफाई, सायकलवरून जेवण पोचवणं, यासाठीही आता रांग. देशाचीच बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास गेलीये. भाषा येत नाही, आणि फिनिश शिकायला कोर्स, नोकरी आणि झोप यातलं काहीतरी सोडावं लागतं, शक्यतो झोप.

आणि जरी शिकली तरी नाव आहेच. अखलाक अहमद म्हणून हेलसिंकी युनिव्हर्सिटीचे संशोधक आहेत, त्यांनी पाच हजार नोकरीचे अर्ज पाठवले होते, शिक्षण आणि अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी. फिनिश नावाला शंभरातून एकोणचाळीस ठिकाणाहून बोलावणं, इराकी नावाला तेरा, सोमाली नावाला दहा. नेपाळी नावं त्यात नव्हती, पण ती कुठल्या टोकाला पडली असती याचा अंदाज आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी इथे सीव्ही पाठवलेत त्यांना आहे. एस्टोनियन माणसाचं पोरगं मात्र एका पिढीत विरघळून जातं. हेलसिंकीतल्या लाटोकार्तानोच्या शाळेत तर फिनिश-एस्टोनियन अशा दोन भाषांत शिकायची सोय आहे. मोठं झालं की आडनावावरून थोडा अंदाज येईल, बाकी चेहरा, उच्चार काही नाही.

म्हणून ती ग्रुपवरची तुलना मला भयंकर वाटली. एक माणूस उघड्या दारातून आलाय आणि दुसरा खिडकीच्या गजांतून घुसून आलाय आणि आपण म्हणतोय बघा याचे कपडे किती नीटनेटके आणि त्याचे फाटलेत. आणि बोलतोय कोण, तर आपण! जून 2025 पासून वर्क परमिटवाल्याची नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधा नाहीतर चला हा नियम लागू आहे, स्पेशालिस्ट असाल किंवा दोन वर्षं झाली असतील तर सहा महिने. हा नियम त्या कूकला लागतो आणि मलाही लागतो. एस्टोनियन टाइल्सवाल्याला लागत नाही. माझ्या टीममधल्या एकाची नोकरी गेली तेव्हा तो चार महिने रोज सकाळी उठून कॅलेंडर बघायचा, फ्लॅटचं कर्ज, मुलगी दुसरीत. लिंक्डइनवर हसरा फोटो आणि घरी हे. त्याच्यात आणि त्या कूकमध्ये पगाराचा फरक आहे, बाकी रांग एकच. पण ग्रुपवर आपण स्वतःला एस्टोनियन समजून बोलतो.

आता मला जे खरं टोचतंय ते. बहादूर.

त्याचं नाव बहादूर नाही. आमच्या बागेत तो मी सहावीत असताना आला, राखणीला, आणि आजोबांनी पहिल्याच दिवशी बहादूर म्हटलं ते म्हटलं. रत्नागिरीत बागा राखायला नेपाळी, मिरकरवाड्याला मच्छीमार बोटींवर खलाशी नेपाळी, हे इतकं सवयीचं की कोणी विचारतही नाही की हे लोक परदेशातून आलेत. व्हिसा नाही, परमिट नाही. 1950 च्या भारत-नेपाळ कराराने दोन्हीकडच्या लोकांना राहायला, काम करायला मोकळीक आहे. आंब्याचा सिझन संपला की पावसात तो भातलावणीला गावी जायचा. लिपी आपली, त्यांचं दसैं आपल्या दसऱ्यालाच. एकदा बाबांशी मजुरीवरून वाजलं तर सरळ उठून गेला, शेजारच्या बागेत महिनाभर राहिला, मग बाबाच जाऊन घेऊन आले.

म्हणजे रत्नागिरीत तो नेपाळी माणूस आमचा टाइल्सवाला होता. तोच देश, तशीच माणसं. त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेला, बी.बी.ए. झालेला त्याचा मुलगा इथे आला की तो कूक होणार. याला मग 'नेपाळी लोक असेच' हे कसं लावायचं?

हां, आपल्याकडे सगळं गोड होतं असं नाही. एवढ्या वर्षांत त्याला स्टीलच्या वेगळ्या कपात चहा मिळायचा हे मी बघितलंय आणि तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पण तो जाऊ शकायचा, आणि बाबांना ते माहीत होतं.

काल बाबांना फोन केला. बहादूर शेजारीच बसला होता, स्पीकरवर टाकला. हिंदीत म्हटलं, दादा, फी वर्षाला आठ-दहा हजार युरो धरा, कोर्सप्रमाणे जास्त पण, वर एका माणसाचे 9600 खात्यात दाखवायचे, बायको आली तर तिचे वेगळे. पोहोचल्यावर काम नक्की मिळेल असं जो सांगतोय तो खोटं बोलतोय. फिनिश आत्तापासून शिकायला लाव. आणि किचनमध्ये काम देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर एक पैसा द्यायचा नाही, मला फोन करायचा. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला दोन वर्षांचं परमिट मिळतं हेही सांगितलं, कारण नुसतं घाबरवणं बरोबर नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने विचारलं, "भैया, वहाँ से घर आने में कितना लगता है?"

पैसे विचारतोय की वेळ ते मला कळलं नाही, मी दोन्ही सांगितलं. मग मी त्याला त्याच्या मुलाचं नाव विचारलं. आणि मग, बऱ्याच उशिराने, त्याचं.