मास्क आवळून हवा थांबत नसते

नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर चालणाऱ्या आमच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय. झोपेत श्वास अडकतो म्हणून सीपॅप, म्हणजे नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावणाऱ्यांना त्यात सल्ला आहे: मास्क कुकरच्या रिंगसारखा घट्ट हवा. हवा सुटली की पट्टे आवळा, पुढच्या बारीक भोकांना टेप लावा, कडेला व्हॅसलीन चोपडा, तरीही जमलं नाही तर नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क घ्या. चौघांनी अंगठेही दिले. मी सहा वर्षं मशीन लावतोय आणि त्याआधी सातपूरला न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, सिलिंडरच्या सीलपायी हात काळे केलेत. गप्प बसवेना.

कुकरचीच उपमा द्यायची तर नीट द्या. कुकरची शिट्टी होते चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाबावर. सीपॅपचा दाब 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याइतका. म्हणजे 10 वर लावलेलं मशीन कुकरच्या शंभराव्या हिश्शावर चालतं. एवढ्याशा दाबाला जबडा आवळायचं काय कारण? मास्कच्या कडेला सिलिकॉनची पातळ पाकळी असते. मशीन सुरू झालं की आतली हवाच तिला फुगवून गालाला टेकवते. झाकण आतून बसवायच्या कुकरमध्ये वाफच झाकण वर दाबून धरते, तसंच. पट्टे आवळले की पाकळी चेपते, तिला घडी पडते आणि त्या घडीतून हवा थेट डोळ्यात. पहिल्या महिन्यात मी हेच करत होतो. नाकाच्या हाडावर असा लाल वळ उठायचा की भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, चष्मा बदलला का?"

खरी गोम वेगळीच होती. दुकानात मला खुर्चीवर बसवून, मशीन बंद ठेवून मास्क चढवला होता. आडवं झालं की गाल घसरतात, जबडा मागे जातो, सगळं माप बदलतं. म्हणून ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर पडा, मशीन चालू करा, पट्टे सैल सोडा. मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढून परत टेकू द्या, म्हणजे पाकळी फुलते. मग दोन्हीकडून सारखं, थोडं थोडं ओढा. हवा थांबली की तिथेच थांबा.

टेपचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. नळी एकच असते, तुमचा उच्छ्वास त्या भोकांतूनच बाहेर पडतो. ती बुजवली तर सोडलेली हवाच परत आत घ्याल. तिथली फुसफुस म्हणजे गळती नव्हे, मशीन ती आधीच वजा धरतं. रेसमेड कंपनीच्या मशीनवर त्यापलीकडची गळती मिनिटाला 24 लिटरच्या आत असली की चालतं.

व्हॅसलीन सिलिकॉन खराब करतं. पाकळी घसरते तीच मुळात चेहऱ्याच्या तेलाने, त्यावर आणखी तेल कशाला? रात्री तोंड धुवा, सकाळी मास्कचं सिलिकॉनचं कुशन साध्या साबणाने धुवा.

मोठ्या मास्कचं म्हणाल तर कड जितकी लांब, तितक्या हवा सुटायच्या जागा जास्त. त्यात दाढी असेल तर विचारूच नका. नाक कायमचंच बंद असणाऱ्यांना तो लागतो, मान्य. पण झोपेत तोंडातून हवा जाते म्हणून तो घेत असाल, तर तोंड उघडं का पडतं ते आधी बघा. डिसेंबरात नाशिकच्या गारठ्यात माझं नाक चोंदायचं. हवेला ओलावा देणारा मशीनचा ह्युमिडिफायर वाढवला तर नळीत पाणी साचून गुडगुड. शेवटी नळी गार पडू नये म्हणून तिच्यावर जुन्या शालीची खोळ शिवली.

ग्रुपवरच्या एका काकांनी टेप लावूनही टाकली होती. काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, टेप काढली, त्यांना गादीवर आडवं केलं आणि खालचे दोन्ही पट्टे बोटभर सैल केले. डोळ्यांपाशी येणारा वारा थांबला, फर्रफर्र बंद. स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "मशीन बंद पडलं का हो?"