पाण्याला ढकलणार कोण?

दुकानदाराने पावतीवर 'इन्स्टॉलेशन फ्री' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. फुकटाखाली कोणी उगाच रेघा ओढत नाही.

घरात एसी येणार ही बातमी कळल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "किती टनाचा?"

"दीड."

"दीड टन? अरे, आपला स्लॅब धरेल का?"

मी हसलो खरा, पण टन म्हणजे नेमकं काय हे मलाही ठाऊक नव्हतं. हळूच मोबाइलवर शोधलं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून उपसून बाहेर फेकायची ताकद म्हणजे एक टन. लोक गारव्यासाठी बर्फ विकत घेत, त्या काळातला हिशोब आहे तो. आणि टनही अमेरिकेतला, 2000 पौंडांचा, म्हणजे साधारण 907 किलोंचा. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बर्फ नाहीच त्यात."

मे महिन्यातली डोंबिवली. आंघोळ करून पंचाने अंग पुसावं तर पुसलेलं आणि न पुसलेलं यात फरक कळत नाही. अशा एका शनिवारी सकाळी अकराला दोघं जण आले. एक पन्नाशीचा, कमी बोलणारा, कानाला पेन्सिल खोचलेला. दुसरा विशीतला पोरगा, कानात इयरफोन खोचलेला. पोरगा त्यांना उस्ताद म्हणत होता, म्हणून मीही म्हणू लागलो.

उस्तादांनी बेडरूमच्या चारही भिंतींवरून एकदा नजर फिरवली आणि एका भिंतीवर टिचकी मारली. "इथे लावू. मागे मोरी आहे ना? पाणी थेट मोरीत. दीड फूट पाइप, काम संपलं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

कारण त्याच क्षणी बायको दारात उभी राहिली. मोरीच्या टाइल्स गेल्याच दिवाळीला बदलल्या होत्या. आकाशी रंग, मध्ये पांढऱ्या फुलांची पट्टी. त्या पट्टीसाठी ती अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत फिरली होती. "टाइलला भोक पडणार नाही," ती म्हणाली. निवाडा झाला. अपील नव्हतं.

मग पाणी बाहेर न्यायचं तर खिडकीकडच्या भिंतीवर एसी लावणं सोपं, पण तिथे खाली पलंग. डोक्यावर गार वारा आला की मान धरते. उरलेल्या भिंतीवर बाबांचा फोटो. तिथून त्यांना हलवणार कोण? शेवटी ठरलं असं, की एसी मोरीच्याच भिंतीवर लावायचा, पण त्याच्या नळ्या खोलीभर प्रवास करून समोरच्या खिडकीवरून बाहेर काढायच्या. म्हणजे घरातून चौदा फूट, बाहेरच्या यंत्रापर्यंत आणखी सहा. वीस फूट.

"बॉक्समध्ये तीन मीटरच कॉपर येतं साहेब," उस्ताद म्हणाले. "म्हणजे दहा फूट. वरचं फुटावर."

'फ्री'खालच्या दोन रेघांचा अर्थ आता उलगडू लागला. तांब्याची नळी फुटावर. ड्रेन पाइप मीटरवर. बाहेरच्या यंत्राचा स्टँड वेगळा. भिंतीला भोक वेगळं. म्हणजे जे नसतं तर एसी हा नुसता भिंतीवरचा डबा राहिला असता, ते सगळं वेगळं. फुकट होतं ते उस्तादांचं येणं.

आता त्या नळ्यांविषयी. एसीच्या पोटातून तीन निघतात. दोन तांब्याच्या, एक दोन सुती आणि एक चार सुती. आठ सूत म्हणजे एक इंच हे मला आजोबांमुळे माहीत होतं. ते मी ऐटीत बोलून दाखवलं तर उस्तादांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. बारक्या नळीतून गॅस पातळ होऊन आत येतो, आत फुलतो, खोलीतली उष्णता पिऊन घेतो आणि जाड नळीतून वाफ होऊन बाहेर पळतो. दोघींना काळ्या फोमचे वेगवेगळे अंगरखे घालायचे, एकत्र गुंडाळायच्या नाहीत. तिसरी नळी पाण्याची. पांढरी, सुरळीदार, फुटकळ दिसणारी. तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

तांब्याच्या नळीचं टोक कर्ण्यासारखं फुलवावं लागतं, मग त्यावर पितळी नट आवळायचा. नळी कापायची, काठावरचे कंगोरे काढायचे, साच्यात धरून पिरगाळायचं, की फूल उमलतं. पोरग्याने फार सुंदर फूल उमलवलं. उस्तादांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, "नट?"

नट जमिनीवर होता. नट आधी नळीत ओवायचा असतो. एकदा फूल उमललं की तो वरून जात नाही. पोरग्याने इयरफोन काढला, फूल कापलं आणि पुन्हा सुरुवात केली. दोन इंच गेले. फुटावर दर असल्यामुळे मला दोन इंचांचं मनातल्या मनात गणित करता आलं, आणि ते करून झाल्यावर स्वतःची लाजही वाटली.

भोक पाडायला आणलेलं यंत्र मोरीतल्या मगाएवढ्या तोंडाचं नसलं तरी आवाजाने विमानाच्या वरचं होतं. त्यावर सतत पाणी ओतावं लागतं, ते काम माझ्याकडे आलं. भिंतीतून लाल रबडी गळत होती. मी तांब्याने पाणी घालत होतो. गुरुजींशिवाय अभिषेक चालल्यासारखं वाटत होतं. उस्ताद ओरडत होते, "मागून वर धर! तोंड खाली! भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात पाणी घरात!" पोरगा मागून वर धरत होता. त्याचे हात थरथरत होते. माझेही थरथरत होते, आणि मी फक्त तांब्या धरला होता.

खरी अडचण पुढे आली. नळ्यांच्या वाटेत आईचं कपाट. सागवानी, तिच्या लग्नातलं, माथ्यावर कोरीव मोरांची महिरप. ती महिरप नळ्यांच्या रेषेच्या दोन इंच वर येत होती.

उस्तादांनी पातळी लावून पाहिली, मान हलवली आणि पोरग्याला म्हणाले, "ढाळ बसत नाही."

बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला, "कोणाला ढाळ होतायत?"

"कोणाला नाही आई, पाइपला."

"उन्हाचं होतं तसं. साबुदाण्याची पेज करू का?"

पेज नको, उतार हवा, हे तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली. ढाळ म्हणजे मीटरला निदान एक सेंटिमीटर तरी उतार. मोरीच्या फरशीला देतात तोच. चौदा फुटांना सव्वाचार सेंटिमीटर. आमच्या पाइपला ते उतरायचे होते आणि वाटेत मोर उभे होते. उस्तादांनी महिरपीला नुसता हात लावला, तर आई म्हणाली, "ते मोर माझ्या वडलांनी करून घेतलेत." प्रकरण मिटलं.

तेव्हा मी बोललो. बोलायला नको होतं.

"उस्ताद, पाइप जरासा वरून घ्या ना. मोरांवरून चढवायचा, पुढे उतार आहेच. खेचून नेईल पाणी."

"गॅसला कॉम्प्रेसर ढकलतो साहेब, तो चढेल. पाण्याला ढकलणार कोण?"

"अहो, सायफन असतो. आठवीला आहे."

उस्तादांनी माझ्याकडे दुसऱ्यांदा नीट पाहिलं. मघाशी सुतांमुळे मिळवलेली किंमत त्यात गेली. "बरं," ते म्हणाले. तीस वर्षं काम केलेला माणूस नुसतं 'बरं' म्हणतो, तेव्हा गिऱ्हाइकाने पाया पडून माफी मागावी.

बाकी काम चोख झालं. पंप लावून त्यांनी वीस मिनिटं नळ्यांतली हवा आणि ओल काढली. आत ओल राहिली तर कॉम्प्रेसरच्या मुळावर येते म्हणे. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. फेसासाठी आमची भांड्यांची वडी गेली. मग एसी लागला. पाच मिनिटांत आम्ही पाचही जण त्याच्यासमोर रांगेत उभे होतो, डोळे मिटून. काकड आरतीलाही इतकी एकाग्रता नसते.

रात्री दोन वाजता मला स्वप्न पडलं की मी धबधब्याला गेलोय. जाग आली तर आवाज चालूच. एसीच्या खालच्या ओठावरून पाणी टपकत होतं, आणि त्याच्या बरोब्बर खाली इस्त्रीहून आलेल्या सात शर्टांचा गठ्ठा होता.

सायफन चालू व्हायला नळी आधी काठोकाठ पाण्याने भरलेली लागते. हे आठवीच्या पुस्तकात असणार. त्या दिवशी मी गैरहजर असणार. एसीच्या ताटलीत जेमतेम बोटभर पाणी साठतं. ते मोर चढून जाणार नव्हतंच. चढाच्या अलीकडे पाइपला पोट सुटलं होतं, त्यात पाणी साठलं, मग मागे फिरलं, मग शर्टांवर आलं.

लादी पुसता पुसता पहाटे तीनला मी मोबाइल उघडला. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग नीट बसेना. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतली ओल काबूत ठेवणारी यंत्रणा त्यासाठी आखली. आजच्या एसीचा वंश तिथून सुरू होतो. म्हणजे हा प्राणी मुळात जन्मला तो हवेतलं पाणी काढायला. माणसाला गार वाटलं ही मागून पदरात पडलेली गोष्ट. आणि मी मात्र दोन तांब्याच्या नळ्यांना अंगरखे घालण्यात दिवस घालवला आणि ज्या नळीसाठी सगळा खटाटोप, तिला मोरांवर चढवून ठेवलं.

रविवारी पोरगा एकटाच आला. "उस्ताद हसत होते," त्याने आल्या आल्या सांगितलं. आम्ही सगळ्यांनी मिळून कपाट नऊ इंच पुढे ओढलं. त्यामागे बायकोचा हरवलेला मोत्याचा डूल सापडला, आणि घटकाभर वाटलं, हा एसी शकुनाचा आहे. पाइप भिंतीसरशी, मोरांच्या मागून, सरळ उतरता गेला. ढाळ बसला. पाणी झकास बाहेर पडू लागलं.

बाहेर म्हणजे कुठे, हे कोणी विचारलंच नाही.

दुपारी साडेतीनला बेल वाजली. पहिल्या मजल्यावरच्या काकू. हातात एक कुरडई. कुरडई कशी असावी याची तुम्हाला कल्पना असेल. ही तशी नव्हती. ही फडक्यासारखी लोंबत होती.

"तीन दिवस गहू भिजवले," काकू म्हणाल्या. "रोज पाणी बदललं. आज पहाटे चारला उठून चीक घाटला. सोऱ्या दाबून माझे खांदे भरून आलेत. कालच्या वाळायला आलेल्या आणि आजच्या ताज्या, दोन्ही ग्रिलमध्ये धोतरावर पसरल्या होत्या." मग थोडं थांबून, "तुझ्या एसीचं पाणी शुद्ध असेल ना रे? कारण सत्तर कुरडयांनी ते प्यायलंय."

मी भांडणाची तयारी केली होती. या थंड विनोदाची नव्हती. आईने आतून लाडवांचा डबा आणला. काकूंनी तो घेतला आणि कुरडई मात्र आमच्या टेबलावर ठेवून गेल्या. ती दोन दिवस तिथेच होती. उचलायची हिंमत कोणी केली नाही.

सोमवारी संध्याकाळी उस्ताद स्वतः आले. काही बोलले नाहीत. शनिवारी टिचकी मारली होती त्याच जागी पुन्हा टिचकी मारली. बायकोने एकदा आकाशी टाइलकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या कुरडईकडे, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. उस्तादांनी नेम धरून फुलांच्या पट्टीच्या बरोबर खाली, साध्या टाइलमध्ये भोक पाडलं. एक कपचाही उडाला नाही. दीड फूट पाइप. मगभर पाणी ताटलीत ओतून पाहिलं, ते मोरीत पडलं. काम बारा मिनिटांत संपलं. पैसे विचारले तर म्हणाले, "फ्री आहे ना साहेब." आणि पहिल्यांदा हसले.

तांब्याच्या नळ्या अजूनही खोलीभर फिरून जातात. त्यांचे पैसे दिलेत, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी त्या आवर्जून दाखवतो.

मोरीतल्या पाइपखाली आईने दुसऱ्याच दिवशी बादली लावली. रात्रभरात दहा-अकरा लिटर. त्यात लादी पुसते, पायरी धुते. आमच्या इन्व्हर्टरलाही घालणार होती. धूळ असते त्यात, बॅटरीला नको, म्हणून मी अडवलं. हवेतून पाणी येतं याचं तिला इतकं अप्रूप, की गार वाऱ्याचं नाव काढत नाही.

गेल्या शुक्रवारी नळाला पाणी नव्हतं. ऑफिसातून आलो तर बेडरूममध्ये चिटपाखरू नाही, एसी मात्र धो धो चालू आणि खिडकी सताड उघडी. आई मोरीत स्टूल टाकून बादलीवर नजर लावून बसलेली.

"अगं, खोलीत कोणी नाही, एसी कशाला?"

"थांब रे, अजून दोन तांबे व्हायचेत. लादी पुसायचीय."

"आणि खिडकी का उघडी?"

"बंद ठेवली की पाणी कमी येतं."