फळांच्या साली पेंडीची जागा घेऊ शकत नाहीत

“पेंड बंद करा. शेळीला रोज पोटभर फळं आणि साली घाला. पंधरा दिवसांत वजन वाढेल, आणि फळ नैसर्गिक असल्यानं बाधणार नाही.” असा संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. तो पाळला तर शेळ्या दगावू शकतात.

पहिला मुद्दा पेंडीचा. एक किलो सफरचंदात साधारण 850 ग्रॅम पाणी आणि जेमतेम 3 ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाणा पेंडीच्या 100 ग्रॅममध्ये 40 ग्रॅमच्या आसपास. तेवढी भरपाई करायची तर शेळीला 13 किलो सफरचंदं खावी लागतील. फळातून ऊर्जा मिळते, मांस नि दूध होण्याइतकी प्रथिनं मिळत नाहीत.

वजनवाढ? रसाळ साली खाऊन भरलेलं पोटही काट्यावर चढतं. सकाळी चारा-पाण्याआधी, दर वेळी त्याच काट्यावर वजन करा.

“नैसर्गिक आहे, बाधत नाही” हे सगळ्यात घातक. पिकलेली केळी, द्राक्षं एकदम पोटात गेली की कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जिवाणू साखरेचं झपाट्यानं लॅक्टिक आम्ल करतात. सामू (pH, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की रवंथ थांबतं, शेळी दात खाते, लेंडीऐवजी आंबूस वासाची पातळ हगवण लागते. त्याच साखरेवर आंत्रविषाराचे (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाचे) जिवाणू माजतात, म्हणून लसीकरण चुकवू नका. ही लक्षणं दिसली की फळ लगेच बंद, आणि पशुवैद्याला बोलवा.

संत्र्या-मोसंबीचा वाळवलेला चोथा मात्र चांगला पूरक आहे, हे कबूल करायलाच हवं. त्यातल्या पेक्टिनचं (फळाच्या सालीत असणाऱ्या चिकट तंतूचं) लॅक्टिक आम्ल फारसं होत नाही. पण त्यात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस अगदी कमी, त्यामुळे खुराकाच्या पाचव्या हिश्शापुढे जाऊ नका.

ओल्या साली द्यायच्याच तर आधी सुका चारा, मग साली. 30 किलोच्या शेळीला पहिल्या दिवशी 100 ग्रॅम, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत दोन आठवड्यांत अर्ध्या किलोवर थांबा. तुकडे बारीक करा, नाहीतर घशात अडकतात. आलुबुखार, जर्दाळूच्या बिया काढाच, कारण त्या चावल्या गेल्या की सायनाइड सुटतं. अ‍ॅव्होकॅडोची पानं नि साली अजिबात नकोत.

चोथा वाळवताना बोटभर जाडीचा पसरून दिवसातून दोन-तीनदा उलटा. चुरगळल्यावर कडकन मोडला तरच पोत्यात भरा. दमट राहिला तर बुरशी धरते. वरचा थर खरवडून उरलेला घालू नका. बुरशीचं विष आतवर गेलेलं असतं. गाभण शेळी अशानं गाभडू शकते.