जॉन ल कारे यांनी हेरगिरी घरातच शिकली

ब्रिटिश हेरकथाकार जॉन ल कारे यांचा विषय निघाला की बोलणे बहुधा शीतयुद्धावर आणि बर्लिनच्या भिंतीवर येऊन थांबते. त्यांच्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचताना मला मात्र असे वाटत आले आहे की, दुहेरी आयुष्याचे शिक्षण त्यांना कोणत्याही गुप्तचर खात्याने दिले नाही. ते त्यांना घरातच मिळाले होते.

त्यांचे खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल, जन्म १९३१ चा, इंग्लंडमधील पूल या गावचा. वडील रॉनी अट्टल ठग होते आणि विम्याच्या फसवणुकीबद्दल त्यांनी तुरुंगवासही भोगला होता. डेव्हिड पाच वर्षांचे असताना आई घर सोडून गेली आणि पुढे ते एकवीस वर्षांचे होईपर्यंत मायलेकांची भेट झाली नाही. अशा घरातल्या मुलाला, कोणासमोर काय बोलायचे, घेणेकरी दारात आला तर काय सांगायचे आणि बापाच्या कोणत्या थापेला मान डोलवायची, हे फार लवकर समजून घ्यावे लागते.

ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना ते डाव्या विचारांच्या सहाध्यायांची माहिती एमआय५ या ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर खात्याला पुरवत असत. मी त्यांचा कितीही चाहता असलो, तरी हे मला आजही खुपते. मात्र विश्वासघात करणाऱ्या माणसाच्या मनात इतक्या आतवर जाऊन लिहिण्याची ताकद या अनुभवातूनही आली असणार, हे नाकारता येत नाही. पुढे ईटन या प्रसिद्ध इंग्लिश शाळेत काही काळ अध्यापन, १९५८ मध्ये एमआय५, १९६० मध्ये परदेशांत हेरगिरी करणारे एमआय६ आणि मग पश्चिम जर्मनीची तेव्हाची राजधानी बॉन येथील ब्रिटिश वकिलातीत नेमणूक. नोकरीत असल्यामुळे स्वतःच्या नावाने लिहिण्यास मनाई होती, म्हणून टोपणनाव आले.

१९६३ च्या 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' या कादंबरीने त्यांना जगभर नाव मिळवून दिले. ब्रिटिश खाते एका हलकट पण उपयोगी माणसाला वाचवण्यासाठी आपल्याच हेराला अंधारात ठेवते, ही त्या कथेची कळ आहे, आणि 'आपली बाजू' या शब्दांवरचा वाचकाचा विश्वास ती कायमचा हलवून सोडते.

तरीही त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी मी १९८६ ची 'अ परफेक्ट स्पाय' हीच मानतो. रॉनी १९७५ मध्ये वारले, तेव्हा मुलाने अंत्यविधीचा खर्च दिला, पण स्वतः तेथे गेला नाही; त्यानंतर अकरा वर्षांनी रिक पिम या नावाने तोच बाप कादंबरीत अवतरला. रिकचा मुलगा मॅग्नस आयुष्यभर दोन्ही बाजूंना फसवून अखेर डेव्हनच्या किनाऱ्यावरील एका खोलीत लपून बसतो आणि आपल्या मुलासाठी सारा कबुलीजबाब लिहितो. वडिलांविषयीचा राग त्या लिखाणात जागोजागी आहे. पण रिक खोलीत शिरला, हसला, कोणाच्या खांद्यावर हात टाकून बोलू लागला, की तेच गद्य उजळून निघते, आणि मुलगा त्या माणसावर अजूनही भाळलेला आहे हे लपत नाही.